अंतर्गत बाब

उर्दू माध्यमाच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना 'सार्वभौमत्व' या शब्दासाठी आम्ही 'इक्तिदार-ए-आला' म्हणतो. ज्या सत्तेच्या वर दुसरी सत्ता नाही ती. व्याख्या सोपी आहे; मुले ती पाठही करतात. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या वर कोणी नाही, त्यानेच अन्याय केला तर दाद कोणाकडे मागायची?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. बायकोला मारहाण करणारा नवरा 'हा आमच्या घरचा मामला' असे म्हणत आला. कुटुंबांना वाळीत टाकणाऱ्या जातपंचायती 'ही आमच्या जातीची बाब' असे म्हणत आल्या. समाजाने हे फार काळ ऐकून घेतले. शेवटी २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. त्यामुळे घरे मोडली नाहीत, जातीही नाहीशा झाल्या नाहीत. उंबरठ्याबाहेर दाद मागण्याची सोय मात्र झाली. खुद्द सरकारविरुद्ध अशी सोय राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाने दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले, ते याचसाठी.

ही शिडी देशाच्या सीमेपाशी येऊन थांबते. तेथे पुन्हा तेच जुने वाक्य ऐकू येते: ही आमची अंतर्गत बाब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही देशांच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप करू नये असे लिहिले आहे. अपवाद आहे तो सुरक्षा परिषदेच्या सक्तीच्या कारवाईचा; आणि त्या परिषदेत पाच बड्या देशांपैकी कोणीही एक नकाराधिकार वापरून ठराव अडवू शकतो.

म्यानमारच्या रोहिंग्यांचे उदाहरण घेऊ. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानंतर त्यांतील बहुतेक जण आपल्याच भूमीत परके ठरले. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक जीव मुठीत धरून बांगलादेशात आले. ज्याने रक्षण करायचे त्याच राज्याच्या लष्कराने त्यांची गावे जाळली होती.

कोणी म्हणेल, ते मुसलमान आहेत म्हणून तुम्हांला कळवळा. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मारणारे आणि मरणारे, दोन्हीकडे बहुसंख्य ख्रिस्ती होते. कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने तेथील आपले शांतिसैन्य सुमारे अडीच हजारांवरून २७० वर आणण्याचा ठराव केला. सुदानच्या दारफुरमध्ये २००३ पासून जे घडले, त्यात तर मारणारेही मुसलमान आणि मरणारेही मुसलमान. २००९ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सुदानचे राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर यांच्यावर अटक वॉरंट काढले, तेव्हा अरब लीगने दोह्याच्या परिषदेत ते फेटाळले. दारफुरच्या विधवांपेक्षा राष्ट्राध्यक्षाची खुर्ची त्यांना जवळची वाटली. रोहिंग्यांसाठी रडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी दारफुरचे नाव तरी घेतले?

मग उपाय काय? साऱ्या जगाचे एकच सरकार? कल्पना मोहक आहे. विनोबांनी 'जय जगत' म्हटले, आइन्स्टाइननेही जागतिक सरकारचा पुरस्कार केला. तरीही आम्हांला भीती वाटते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवरील आपल्या ग्रंथात राष्ट्रांचा संघ मागितला. पण सर्व राष्ट्रे गिळणारी एकच राजसत्ता आत्माहीन हुकूमशाही ठरेल, असा इशाराही दिला. त्यात एक साधी गोष्ट आम्ही जोडू. सीमा ही भिंत असते तशी ती दारही असते. मक्केत छळ झालेल्या पहिल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने आसरा दिला, कारण तेथे मक्केच्या सरदारांचा हुकूम चालत नव्हता. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात येऊ शकले, कारण सीमेपलीकडे वेगळे राज्य होते. सारे जगच एका गादीखाली असेल आणि ती गादीच उलटली, तर हिजरत करायची कोठे?

तेव्हा जगाला एक गादी नको, पण एक कचेरी हवी, जेथे माणसाला आपल्या राज्याविरुद्ध दाद मागता येईल. तिची सुरुवात झालेली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या तीस लाखांहूनही कमी वस्तीच्या आफ्रिकी देशाने १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराच्या आधारे म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. त्याचे स्वतःचे काही लुटले गेले नव्हते. इस्लामी सहकार्य संघटना त्याच्या पाठीशी होती. याच संघटनेतल्या अरब देशांनी दहा वर्षांपूर्वी बशीर यांना पाठीशी घातले होते, हेही लक्षात ठेवावे. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने एकमताने रोहिंग्यांच्या रक्षणाचा अंतरिम आदेश दिला. या न्यायालयाकडे पोलीस नाहीत. सुमारे वर्षभराने, फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. निर्वासित छावण्यांतच राहिले. तरी 'ही आमची अंतर्गत बाब' एवढे म्हणून म्यानमारला सुटता आले नाही, हे थोडे नव्हे.

अडचण अशी की प्रत्येकाला ही कचेरी दुसऱ्यासाठी हवी असते. व्यक्तींवर खटले चालविणाऱ्या फौजदारी न्यायालयाचे अमेरिका, रशिया, चीन सदस्य नाहीत. आपला भारतही नाही. आमच्या मते सार्वभौमत्व ही मालकी नसून अमानत आहे. जनतेने ती राज्याकडे सोपविली आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. तो म्यानमारने द्यावा, सुदानने द्यावा, असे म्हणताना आपल्या राज्यानेही द्यावा असे म्हणण्याची तयारी हवी. वर्गातल्या मुलांना 'इक्तिदार-ए-आला'ची व्याख्या देताना आम्ही आता हे वाक्यही जोडतो.