गावाने गावाच्या भेटीस का जावे?

एका शहराने दुसऱ्या शहराशी बहिणीचे नाते जोडावयाचे, ही चाल आता जगभर रूढ झाली आहे. मुंबईने १९६५ साली जपानातील योकोहामा शहराशी असे नाते जोडले. पुण्याने १९९२ साली अमेरिकेतील सॅन होजे शहराशी. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जे उद्यान आहे, ते जपानातील ओकायामा शहराच्या कोराकुएन नामक जुन्या बागेच्या धर्तीवर रचिलेले असून त्या दोन शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून ते ओळखले जाते. अशा नात्यापायी मंडळी इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात. हारतुरे होतात, करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात. यात वाईट काही नाही. तथापि आमच्या खेड्यांतील वाचक सहजच विचारील की, सही केल्याने कोणी कोणाची बहीण होते काय? आणि ज्या गावास एस.टी.ची गाडी दिवसातून दोनदा येते, त्या गावास या गोष्टीशी कर्तव्य ते काय?

कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. कारण पाहुणे आता केवळ मोठ्या शहरांसच येतात असे नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वार्ता जगात गेल्यापासून येथील लहान लहान गावांतही दूरदूरची माणसे येऊन बसली आहेत. तेव्हा एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या घरी जावयाचे ते कशासाठी, हा प्रश्न आमच्या उंबऱ्याशीच येऊन ठेपला आहे.

आपल्या भाषेत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणूस माणसास भेटतो तीही भेट, आणि हाती जे ठेवितो तीही भेटच. या जोड अर्थात मोठे शहाणपण आहे, तसाच एक धोकाही आहे. जो भेटावयास येतो तो काहीतरी घेऊन येतो. पुढे पुढे त्याने काय आणिले याकडेच सर्वांचे डोळे लागतात, आणि माणसामाणसांची भेट व्हावयाची ती राहून जाते. देणारा एक व घेणारा एक, असे दोन तट पडतात. मग घेणारा आपल्या मनातले बोलत नाही. पाहुण्यास जे ऐकावेसे वाटत असेल तेच तो बोलतो. हे लबाडीने होते असे नाही. मिंधेपणाने होते.

म्हणून ज्या भेटीत देणगीचा प्रश्नच नव्हता, अशा एका भेटीचे उदाहरण आम्ही येथे घेतो.

वऱ्हाड आणि इंग्लंडातील लँकेशायर यांचे नाते कोणी सह्या करून जोडले नव्हते. ते कापसाने जोडले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो भाव उतरला. त्या चढउताराची कारणे ज्यांस ठाऊकही नव्हती अशा शेतकऱ्यांच्या घरी आधी पैसा आला व मागून कर्ज आले. पुढे यवतमाळाहून मुर्तिजापुरापर्यंत जी नॅरोगेज आगगाडी घातली गेली, व जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, तीही मुख्यतः कापूस मुंबईच्या थोर मार्गावर नेऊन पोहोचविण्यासाठीच होती. आता ती गाडी धावत नाही. पण तिच्या एका टोकास वेचणी करणारी बाई आणि समुद्रापलीकडे मागावर उभी असलेली बाई यांची एकमेकींशी कधी ओळख झाली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी लँकेशायरातील डार्वेन या गिरणगावी जाऊन राहिले. परदेशी कापडावरील बहिष्काराची चळवळ त्यांचीच. आणि डार्वेनच्या पुष्कळ गिरण्या तेव्हा बंद पडल्या होत्या. त्या मंदीस १९२९ पासूनची जागतिक पडझड व जपानी कापडाची स्पर्धा हीही कारणे होती. परंतु बेकार विणकराच्या दृष्टीने ज्याच्यामुळे आपली चूल विझली तोच मनुष्य आपल्या दारी आला होता. त्यास बोलाविणाऱ्यांत क्वेकर पंथाचे गिरणीवाले होते. गिरणीतील बायांनी त्यांचा जयजयकार केला, व त्या प्रसंगाचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

आम्हांस त्या जयजयकाराहून दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. गांधीजींनी तेथे बहिष्कार मागे घेण्याचे वचन दिले नाही. त्यांनी त्या लोकांचे दुःख ऐकून घेतले, ते खरे आहे असे मानिले, आणि मग हिंदुस्थानातील खेड्यांत याहून कितीतरी मोठी बेकारी वर्षातील निम्मे महिने असते, हे त्यांस समजावून सांगितले. विणकरांनीही आपली भूक लपविली नाही. एका बेकार कामगाराने तर, आपण हिंदुस्थानात असतो तर हेच म्हटले असते, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे नमूद आहे. दोन्ही पक्षांचे हित परस्परविरुद्ध होते, ते भेटीनंतरही तसेच राहिले. कोणाच्या पदरी काही पडले नाही. तरीही ती भेट झाली, असे आम्ही म्हणतो. आणि सह्याशिक्क्यांच्या अनेक भेटींविषयी असे म्हणावयास आम्ही धजणार नाही.

येथे काही वाचक आक्षेप घेतील. ज्यांस परतफेड करिता येत नाही अशांसच जेवणास बोलवावे, हे लूकाच्या शुभवर्तमानातील शिक्षण आपण जाणतो. मग देणे व घेणे समसमान असावे असा आग्रह कशास? आक्षेप खरा आहे. पण ते शिक्षण यजमानास दिलेले आहे. गरिबास आपल्या पंक्तीस बसवावे, असे ते सांगते; गरिबाच्या घरी जाऊन त्याचे दारिद्र्य पाहून यावे, असे ते सांगत नाही. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिवाय घेणाऱ्यालाही देण्याची इच्छा असते, हे विसरून चालत नाही. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील हिंदी व्यापाऱ्यांस स्थानिक लोकांनी आधार दिला. त्या उपकाराची आठवण म्हणून हिंदी मंडळींनी पुढे यामाशिता उद्यानात एक पाणपोई बांधून दिली. मुंबईचा करार होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, आणि आमच्या मते या दोन शहरांचे नाते जुळले ते तेव्हाच.

आता आपल्या घरची गोष्ट. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल यांस निमंत्रण गेले होते. इंग्रजी लेखिका मराठीच्या मांडवात कशास, असे काहींनी म्हटले. वस्तुतः त्यांचे वडील रणजित पंडित हे मूळच्या मराठी घराण्यातले. अखेरीस आयोजकांनी दिलेले निमंत्रण परत घेतले. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, कित्येक लेखकांनी संमेलनास येण्याचे नाकारिले. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत भाषांतरित होऊन वृत्तपत्रांतून सर्वत्र वाचले गेले.

ज्यास बोलाविले त्यास येऊ नका म्हणणे, हा आपल्याकडे केवळ असभ्यपणा मानीत नाहीत. त्याहून काही अधिक मानतात. पाहुणा अप्रिय बोलेल या भयाने दार लावून घेणारा यजमान स्वतःच्याच घरात लहान होतो. परंतु त्याच संमेलनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उद्घाटन शेवटी याच जिल्ह्यातील, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले, आणि तिने आपल्यासारख्या स्त्रियांची स्थिती भर सभेत मांडिली. ज्या बाईच्या घरी इतर लोक पाहुणे म्हणून येत, ती त्या दिवशी व्यासपीठावर उभी राहून बोलली व विद्वान मंडळी खाली बसून ऐकत होती. गोंधळातून निघालेली का होईना, गोष्ट चांगली झाली. मात्र दूरच्या पाहुणीचे आसन रिकामे झाल्यावाचून जवळच्या बाईस ते मिळू नये, हे आम्हांस खटकते. दोघी एका मांडवात बसल्या असत्या तर त्या परस्परांस काय बोलल्या असत्या?

आमच्या मंडळ्यांस दूरच्या मंडळ्यांकडून पाहुणे येतात, व यापुढेही येतील. त्यांस गाणी ऐकवावी, भाकरी वाढावी, हे सांगावयास नको. त्यात आमची गावे कोणास हार जाणार नाहीत. परंतु कापूस पडल्यास भाव का पडतो, बियाणे व औषध कोठून येते, त्या व्यवहारात पाहुण्यांच्या देशाचा काही हात आहे की नाही, हेही त्यांस विचारावे. ते रागावतील अशी भीती बाळगू नये. आणि ‘आमच्यातील कोण तुमच्याकडे येणार?’ हा प्रश्न निरोपाच्या वेळी नव्हे, तर पहिल्याच दिवशी काढावा.

आणखी एक बारीक गोष्ट. पाहुणे बहुधा हिवाळ्यात येतात, कारण तेव्हा हवा बरी असते. पण तोच वेचणीचा हंगाम. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जी बाई पाहुण्यांपुढे सतरंजीवर दिवसभर बसते, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती हे कोणास सांगत नाही. तेव्हा तारीख पाहुण्यांनी कळवावयाची नसून गावाने कळवावी. गावाने चैत्र सांगितला तर पाहुण्यांनी चैत्रात यावे. ऊन कडक असेल, पण घरची माणसे घरी असतील.