आत्मचरित्र कोणाचे?

भिलाईच्या वैशाली नगरात आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. ज्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली, त्या कारखान्यात भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यातून ते तरुणपणी आले आणि उमेदीची सारी वर्षे त्यांनी तेथेच घालविली. अलीकडे त्यांनी आपल्या आठवणी एका वहीत लिहून काढल्या. ती मला वाचावयास देताना एका पानाला त्यांनी खूण केली होती. त्यांच्या शिक्षणासाठी वडिलांनी वडिलार्जित शेत विकले. विक्रीच्या कागदावर थोरल्या भावाचा अंगठा घेतला, पण कागद त्याला वाचून दाखविला नाही, असे त्या पानावर होते. वडील गेले, भाऊही गेला. "हे पान ठेवू की फाडू?" एवढेच त्यांनी विचारले.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आत्मचरित्र 'आपले' म्हणावयाचे खरे. परंतु ज्यात आई-बाप, भावंडे, सहधर्मचारिणी यांचा वाटा नाही असे आयुष्य कोणाचे असते? धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे 'माझे पुराण' १९४४ साली. १८९३ च्या पुनर्विवाहाने जोडलेला संसार एकच. पण संस्थेला वाहिलेला पैसा पतीच्या दृष्टीने कर्तव्य होता, तर पत्नीच्या दृष्टीने तो मुलाबाळांच्या वाट्याचाही होता. दोघांपैकी कोणीच खोटे लिहिले नाही. दुसरे पुस्तक नसते, तर आपण पहिल्यालाच पूर्ण सत्य मानून बसलो असतो.

मग जे जे ठाऊक आहे ते सारे सांगावे काय? दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा आपल्या वस्तीची लाज चव्हाट्यावर मांडल्याचा आक्षेप त्यांच्याच समाजातील काही सुशिक्षितांनी घेतला. पण ती लाज मुळात कोणाची होती? ज्यांनी ते जिणे लादले, त्यांची. पवार गप्प राहिले असते, तर त्यांच्या मौनाने अन्याय करणाराच झाकला गेला असता.

उलट, फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपले लिखाण घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे जपले. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. नवऱ्याच्या हातचा मार त्यांनीही सोसला होता, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. पुस्तकात मात्र समाजाचे दुःख पुढे ठेवून आपले त्यांनी मागे ठेवले. या मौनाला असत्य म्हणण्यास माझे मन धजत नाही.

या दोन उदाहरणांवरून मला एक भेद दिसतो. आपली जखम उघडावी की झाकावी, हा अधिकार ज्याचा त्याला आहे. परंतु जी जखम दुसऱ्याला झाली आणि जिचा लाभ आपल्याला मिळाला, ती झाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेथे मौनाला दया म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय. वडिलांची अब्रू राखण्याच्या निमित्ताने पुष्कळदा आपण आपलीच अब्रू राखीत असतो.

हे मी शेजाऱ्यांना सांगितले आणि पान ठेवा म्हणालो. रात्री मात्र माझेच मत मला अपुरे वाटू लागले. ती जखम भावाची होती. तो नाही, पण त्याची पत्नी गावी आहे. तिला न विचारता हे पान छापणे म्हणजे कागद वाचून न दाखविता पुन्हा एकदा अंगठा घेणेच नव्हे काय? सकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "छापण्याआधी हे पान वहिनींना वाचून दाखवा."

दिवाळीला ते वही घेऊन गावी गेले. परतल्यावर चार दिवस त्या विषयावर बोलले नाहीत. नंतर त्यांनी होऊन सांगितले. वहिनींनी पान शेवटपर्यंत ऐकले आणि त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. पण एक लिहायचं राहिलं. कागद कशाचा होता ते त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुमची परीक्षा जवळ आली होती, म्हणून ते बोलले नाहीत."

ते वाक्य आता वहीत आहे. शेजारी म्हणतात, माझ्या साऱ्या चरित्रात मला ठाऊक नसलेली हीच एक गोष्ट होती, आणि बाकीचे चरित्र तिच्यावरच उभे होते.