कोऱ्या काचांचा चष्मा

जो सॅको स्वतःला काढतो तेव्हा चष्म्याच्या काचा कोऱ्या ठेवतो. आत डोळेच नाहीत. बाकी पानभर रेघाच रेघा: चिखल, पत्र्याची छपरं, गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरची आठीसुद्धा. रंग नाही, एकावर एक तिरक्या रेघा मारूनच सावली भरायची.

‘पॅलेस्टाईन’मध्ये (तो तिथे १९९१-९२च्या हिवाळ्यात गेला होता) कोठडीत डांबलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. दिवस सरतात तशा चौकटी लहान होत जातात, पान जाळीसारखं दिसू लागतं. मी फोनवर वाचत होतो. बोटांनी झूम केलं आणि लाज वाटली. दुसऱ्याचा छळ नीट दिसावा म्हणून?

हा प्रश्न चित्रकारालाही चुकत नाही. ‘फुटनोट्स इन गाझा’त तो १९५६ची खान युनिस आणि रफाहमधली हत्याकांडं काढतो. तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. म्हाताऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, हे तो लपवत नाही. पण चित्रात ‘बहुधा’ कसं काढणार? भिंत काढली की ती तिथे होतीच! तरी फोटोपेक्षा मला ही रेघ प्रामाणिक वाटते, कारण ती कुणीतरी हाताने ओढलीय हे विसरता येत नाही.

चांगली गोष्ट हाती लागली म्हणून खूश झालेला स्वतःचा चेहराही तो काढतो, जाड ओठांचा, जरा बावळट. काचा मात्र कोऱ्याच. तो संकोच आहे की पळवाट, माझं अजून ठरत नाहीये.