कोंडलेल्या जिवाचे ऊन

जनावर पाळायचे म्हणजे त्याला वेळेवर खाऊ घालायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे हे अरबस्तानातल्या जब्ब या वाळवंटी सरड्याकडे पाहिले की ध्यानात येते. थरच्या वाळवंटातल्या त्याच्या भाऊबंदाला आपण सांडा म्हणतो. रस्त्यावरचे वैदू ज्याचे तेल विकत आले, तोच. जब्बचा उल्लेख हदीसमध्येही आहे. हजरत खालिद बिन वलीद यांनी तो खाल्ला, प्रेषितांनी (स.) खाल्ला नाही, पण मनाईही केली नाही. त्यावरून शाफई आणि हनफी आलिमांत मतभेद आहेत. आम्हाला मात्र प्रश्न पडतो तो खाण्याचा नव्हे, कोंडण्याचा. आखातात आणि युरोप-अमेरिकेत हा प्राणी हौसेने काचेच्या पेटीत ठेवला जातो.

शालेय पुस्तके सरड्याला 'शीतरक्ताचा' म्हणतात. शब्द फसवा आहे. भर उन्हात जब्बचे रक्त आपल्याइतकेच गरम असते, फक्त ती ऊब तो बाहेरून घेतो. सकाळी तापल्या दगडावर पडतो, अंग तापले की सावलीत सरकतो, दुपारी बिळात शिरतो. हे चालणे-सरकणे हेच त्याच्या शरीराचे यंत्र. तो पाला खातो आणि पाला पचवणारे त्याच्या आतड्यातले सूक्ष्म जीव उबेवरच काम करतात. थंड पेटीत समोर हिरवागार पाला ठेवला तरी तो खात नाही. खाल्लाच तर पोटात नुसता पडून राहतो. भरल्या ताटासमोरची ही उपासमारच.

म्हणून जाणकार पेटीच्या एका टोकाला दिव्याखालचा दगड 50 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि दुसरे टोक 30 च्या खाली ठेवतात. सगळी पेटी सारखीच तापवली तर तो भट्टीत सापडतो, कारण सरकायला जागाच उरत नाही. अतिनील किरणांचा दिवाही लागतो. त्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन इथे कामाचे नाही, काच ते किरण अडवते. शिवाय दिवा जुना झाला की उजेड तसाच दिसतो, किरण मात्र आटलेले असतात.

ओलाव्याचे गणित आणखी नाजूक. पेटीतली हवा कोरडीच हवी; दमट हवेत त्याला छातीचा विकार जडतो. पण वाळवंटातही तो बाहेरच्या रखरखीत हवेत चोवीस तास राहत नाही. खोल बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि ओलसर असते. तो आडोसा न मिळाल्यास अंगातले पाणी कमी होते, कात नीट सुटत नाही, बोटांवर आवळून बसते आणि बोटेही झडतात.

मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. आमच्या मते या दुसऱ्या भागाकडे आपले लक्ष कमी जाते. जीव मोकळा असता तर स्वतःसाठी जे जे करता, ते सारे कोंडणाऱ्याच्या खांद्यावर येते. मांजराच्या बाबतीत ते अन्न होते. जब्बच्या बाबतीत ऊन, सावली आणि बीळही त्यात आले.

मग पाळणे नाजायज म्हणायचे का? लहानग्या अबू उमैरच्या चिमणीविषयी प्रेषितांनी (स.) मायेने विचारपूस केली; त्यावरून आलिमांनी पक्षी पाळण्याची मुभा मानली आहे. ती मुभा आम्हीही मानतो. पण पेटीत जन्मलेला सरडा आणि वाळवंटात बीळ खणून बाहेर ओढलेला सरडा यांना एका मापाने मोजणे आम्हाला पटत नाही. सांड्यापुरता भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा प्रश्न मिटवला आहे. त्याला पकडणेच गुन्हा. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणी भावांपैकी कुणाला जब्ब पाळण्याची हौस असेल, तर त्याने पेटीच्या किमतीआधी आपल्या सुटीचा हिशेब करावा. दोन महिने तो गावी येणार. शेजारी पाला टाकून जाईल, पण जुना झालेला दिवा त्याला ओळखता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.