विसावा कुणाच्या वाट्याचा?

‘हवापालट’ हा शब्द आता मराठीतून जवळजवळ निघून गेला आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत तो वापरात होता, पण तो आजाऱ्यांसाठी. क्षयाचा संशय आला, बाळंतपणानंतर अंगात शक्ती येईना, टायफॉइडने माणूस खंगला, म्हणजे डॉक्टर हवापालट सुचवीत आणि ज्यांना परवडे ते जात. धडधाकट माणसाने वाडी आणि नोकरी सोडून चार दिवस नुसते समुद्राकाठी जाऊन बसावे, ही गोष्ट वसईच्या आमच्या कष्टकरी ख्रिस्ती समाजात कुणाच्या मनातही येत नसे. प्रवास होत, परंतु त्यांना नवसाचे किंवा सणाचे निमित्त लागे. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची यात्रा, डिसेंबरच्या आरंभी जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियरचा सण. देवाच्या आडोशाने माणूस थोडा विसावत असे आणि तो विसावा आहे हे स्वतःशीही कबूल करीत नसे.

अशा संस्कारांत वाढलेले आम्ही पतिपत्नी गेल्या जानेवारीत, प्रकटीकरणाचा सण आटोपल्यावर, चार दिवसांसाठी बुरोंडीला गेलो. निमित्त मुलाचे. तो कॅनडात असतो. तेथील माणसे बर्फाला कंटाळून हिवाळ्यात आठवडाभर मेक्सिको किंवा क्यूबाच्या उबदार किनाऱ्यावर जातात, तसा तोही सुनेला घेऊन जातो. ‘तुम्ही दोघे असे कधी गेलात?’ असे त्याने फोनवर विचारले आणि आम्हा दोघांनाही उत्तर देता आले नाही. २००४ साली संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला गेलो होतो, ते सांगितले. तो हसला. ‘ती यात्रा झाली, आई,’ म्हणाला.

वसईला समुद्र आहे आणि आमच्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा उबेसाठी बुरोंडी गाठण्याचे कारण नव्हते. पण पत्नी म्हणाली की, आपल्या समुद्रावर गेले तरी परत येऊन भात मलाच लावावा लागतो. हे वाक्य तेव्हा मी विनोद म्हणून ऐकले.

कोकण रेल्वेने खेड, तेथून एस.टी.ने दापोली आणि पुढे उतारांनी बुरोंडी. इंग्रजांनी दापोलीला लष्करी छावणी वसविली, म्हणून जुनी माणसे अजूनही तिला ‘कॅम्प’ म्हणतात. तेथील निरोगी हवेचा लौकिक तेव्हापासूनचा. बुरोंडी मात्र समुद्राच्या पातळीवरचे, मच्छीमारांचे गाव. शेजारी लाडघरचा किनारा, जेथील पाणी तांबूस दिसते आणि लोक त्याला तामसतीर्थ म्हणतात. गावाजवळच्या उंचवट्यावर अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. जिंकलेली सारी पृथ्वी दान करून टाकल्यावर परशुरामाला स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून त्याने बाण सोडून समुद्राला मागे हटविले आणि कोकण निर्माण झाले. पुतळ्याखाली उभा असताना मला प्रथमच जाणवले की, या कथेत थकलेला पुरुष विश्रांतीची जागा मागतो आहे, आणि ती मिळण्यासाठी कुणाला तरी मागे सरावे लागले आहे.

आम्ही एका घरगुती निवासात उतरलो होतो. मागे माड, पुढे अंगण, दोन खोल्या पाहुण्यांसाठी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा लावून फळाला यायला अनेक वर्षे लागतात, तोवर घर चालविण्याचा मार्ग म्हणजे येणारा पाहुणा. या घराचेही तसेच झाले होते. घरधनी दिवसभर रिक्षा चालवीत. खोल्या, अंगण, स्वयंपाक, सारे वहिनींच्या अंगावर.

पहिल्या सकाळी पत्नी नेहमीप्रमाणे पाचला उठली. चहा ठेवायला उठली आणि ठेवायचा कोठे हे न कळून खाटेवर बसून राहिली. साडेसहाला वहिनींनी चहा आणून दिला. लग्नानंतरच्या चौतीस वर्षांत, आजारपणे आणि बाळंतपणे सोडली तर, तिच्या हाती दुसऱ्या कुणी सकाळचा चहा दिल्याचे मला आठवेना. नंतर आम्ही वाळूवर जाऊन बसलो. होड्या किनाऱ्याला लागत होत्या. अर्ध्या तासाने ती म्हणाली, ‘अहो, आता काय करायचं?’ मी म्हणालो, काही नाही. ‘काही नाही म्हणजे काय करायचं?’ तिने पुन्हा विचारले. ती थट्टा करीत नव्हती.

हा प्रश्न तत्त्वज्ञांनीही गंभीरपणे घेतला आहे. ॲरिस्टॉटलचे मत असे की, आपण काम करतो ते निवांतपणा मिळावा म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, जर्मन कॅथलिक विचारवंत जोसेफ पीपर यांनी हाच धागा उचलून असे मांडले की, निवांतपणा हा संस्कृतीचा पाया आहे. काम थांबले म्हणजे निवांतपणा मिळतो असे नाही. तो आत्म्याचा स्वभाव आहे, आणि त्याचे मूळ उपासनेत आहे. विचार सुंदर आहे आणि मला मान्यही आहे. परंतु ॲरिस्टॉटलच्या निवांतपणाखाली गुलाम होते, आणि त्याने ते लपविलेही नाही. धोटे आपोआप विणू लागले तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही, असे तो लिहून गेला. धोटे आपोआप चालत नव्हते, म्हणून अथेन्समधील काही मोजके पुरुष निवांत बसून सत्याचा विचार करीत होते.

सिनाय पर्वतावर मिळालेली आज्ञा याहून अगदी वेगळी आहे. शब्बाथ दिवस पवित्र पाळा, एवढेच सांगून ती थांबत नाही. कुणी काम करू नये याची ती यादी देते. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि शेवटी तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. निर्गमाच्या पुस्तकात या आज्ञेचे कारण असे दिले आहे की, परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते, पण कारण बदलते. तूही मिसर देशात दास होतास, हे आठव. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. ज्याच्या पाठीवर वळ उठलेले होते, त्यालाच विश्रांतीचा धनी केले आणि लगेच बजावले की, ती दुसऱ्याच्या पाठीवर उभारू नकोस. जगाच्या इतिहासात गुलामाच्या आणि बैलाच्या विश्रांतीला कायद्याचे स्थान देणारी ही आज्ञा किती धाडसी होती, ते आपण मिस्सात ती ऐकताना विसरतो.

बुरोंडीच्या वाळूवर बसून मी ही यादी मनातल्या मनात पत्नीला समजावून सांगत होतो, म्हणजे मोठ्याने. तिने ती बोटांवर मोजली आणि विचारले, ‘आणि बायको?’

मी थबकलो. यादीत पत्नी नाही. मुलगी आहे, दासी आहे, गाढव आहे, पत्नी नाही. या अनुल्लेखाचे उत्तर बायबलच्या भाष्यकारांनी दिले आहे, ते मला ठाऊक होते. ‘तू’ या शब्दात पतिपत्नी दोघेही येतात, कारण ती दोघे एकदेह आहेत, तिचा वेगळा उल्लेख करणे म्हणजे तिला दासदासींच्या पंगतीत बसविणे झाले असते. हे उत्तर पटण्यासारखे आहे. मी ते दिले. ती म्हणाली, ‘असेल.’ आणि होड्यांकडे पाहू लागली.

‘असेल’ या शब्दाने माझी सारी दुपार खाल्ली. आमच्या घरात त्या ‘तू’मध्ये कोण होते? रविवारी सकाळी मिस्सा, मग चर्चच्या आवारात तासभर गप्पा, घरी आल्यावर वर्तमानपत्र, मटणाचे जेवण, वामकुक्षी. प्रभूचा दिवस मी आयुष्यभर निष्ठेने पाळला. ती मिस्साहून लगबगीने परत येई, कारण मटण शिजायला वेळ लागतो. तिचा सर्वांत कष्टाचा दिवस रविवार होता. त्यावर दिलेले प्रवचन मी कधी ऐकलेले नाही, आणि ऐकले असते तरी ते दुसऱ्या कुणासाठी आहे असेच समजलो असतो.

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया आपण नेहमी ऐकतो. मरियेने उत्तम वाटा निवडला, असे प्रभूने म्हटले. परंतु त्या रात्री बेथानीच्या घरी शेवटी स्वयंपाक कुणी केला, हे लूक सांगत नाही. आविलाच्या संत तेरेसाला हा प्रश्न पडला असावा. प्रभूचा पाहुणचार करायचा तर मार्था आणि मरिया दोघींनाही एकत्र यावे लागेल, नाहीतर तो उपाशी राहील, अशा आशयाचे तिने लिहिले आहे. मठ चालविणाऱ्या बाईला चूल ठाऊक असते.

तर पत्नीला विसावा मिळाला, आणि तो वहिनींनी दिला. येथे दुसरी गाठ आहे, आणि ती सुटेल असे मला वाटत नाही. वहिनी पहाटेपासून रात्री अकरापर्यंत उभ्या होत्या. दुसऱ्या खोलीत पुण्याचे एक तरुण जोडपे होते. त्यांच्या वेळा आमच्याहून वेगळ्या, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा. पत्नीने विचारले, ‘वहिनी, तुम्हाला सुट्टी कधी?’ त्या म्हणाल्या, ‘सीझनला कसली सुट्टी, काकू? पावसाळ्यात कोण येत नाही, तेव्हा बसतो.’ मग स्वतःच हसून म्हणाल्या, ‘तेव्हा लावणी असते म्हणा.’

१ जूनपासून पावसाळ्यात सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा द्या असे लेवीय पुस्तक सांगते, त्याची आठवण व्हावी असा हा समुद्राचा शब्बाथ कायद्याने पाळला जातो. सुरमईला सुट्टी आहे. वहिनींना ती कुणी द्यावी? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या परिपत्रकात सांगितले की, मालक आणि मजूर यांच्यातील प्रत्येक करारात शरीराच्या व आत्म्याच्या विश्रांतीची अट लिहिलेली असो वा नसो, गृहीतच असते. पण येथे मालक कोण? वहिनी स्वतःच्याच मालकीण. त्यांचा दिवस आमच्यासारखे अनेक जण थोडा थोडा विकत घेतात आणि कुणीही एकटा त्यांचा धनी ठरत नाही. आज्ञेतील वेशीच्या आतला उपरा तर आम्हीच होतो. उपऱ्याला विश्रांती मिळाली होती आणि घरची बाई राबत होती. मग जाऊच नये? न गेल्याने पोफळी लवकर उगवणार नाहीत. पाहुणाच आला नाही, तर वहिनींच्या हाती येणारी रिकामी वेळ विश्रांतीची नसेल, विवंचनेची असेल.

तिसऱ्या दिवशी पत्नीने आपल्या परीने उपाय केला. ‘आज रात्री आमचं जेवण करू नका. सकाळच्या भाकऱ्या आहेत त्या चालतील. तुम्ही आमच्याबरोबर समुद्रावर चला,’ असे तिने वहिनींना सांगितले. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. वहिनी शिमग्यापासून तेथे गेल्या नव्हत्या. नको नको म्हणत त्या आल्या. दोघी पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या, लुगडी सावरीत, आणि कशाला तरी मोठ्याने हसल्या. मी मागे राहिलो. सूर्य बुडेपर्यंत वहिनींनी चार-पाच वेळा वळून घराच्या दिशेने पाहिले.

परत आलो तेव्हा पुण्याचा तरुण व्हरांड्यात उभा होता. त्यांचा सहाचा चहा झाला नव्हता. तो फार वाईट बोलला असे नाही. पैसे मोजून आलो आहोत, एवढे मात्र म्हणाला. वहिनींनी मान खाली घालून माफी मागितली आणि ओल्या पावलांनी स्वयंपाकघरात गेल्या. ही आमची चूक आहे, आम्ही त्यांना नेले, हे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. मी चपलांमधली वाळू झटकीत राहिलो. ते वाक्य पत्नीने उच्चारले आणि वहिनींच्या मागोमाग आत जाऊन गाळणी हातात घेतली. तिच्या चार दिवसांच्या सुट्टीतील तो शेवटचा निवांत क्षण मी तिला वाचवू शकलो असतो.

शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभू येशू त्यांना निर्जन जागी विसाव्यासाठी घेऊन निघाला, असे मार्क सांगतो. ते होडीने पोहोचण्याआधीच लोकसमुदाय पायी धावत तेथे जाऊन थांबला होता. प्रभूला त्यांचा कळवळा आला, आणि त्या संध्याकाळी शिष्यांना पाच हजारांच्या पंगती वाढाव्या लागल्या. तो विसावा घडलाच नाही. येशूने तो देऊ केला होता आणि तो खरा होता, एवढे मला वाटते. तो का घडला नाही यासाठी त्याने कुणालाही दोष दिला नाही.

निघताना हिशेब झाला. वहिनींनी त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे धरले नव्हते. पत्नीने ते हातात ठेवले, वहिनींनी परत केले. ‘जेवण केलं नाही तर पैसे कसले, काकू?’ पत्नी म्हणाली, ‘तुमची संध्याकाळ आम्ही घेतली की.’ असे दोन-तीनदा झाले. रिक्षा उभी होती, घरधनी घड्याळाकडे पाहत होते. शेवटी वहिनींनी निम्मे घेतले आणि आत जाऊन कोकमाच्या आगळाची बाटली आणून पत्नीच्या पिशवीत सरकवली, म्हणजे पुन्हा हिशेब चुकला. पत्नीने त्यांना पावसाळ्यात वसईला येण्याचा आग्रह केला. आठ दिवस राहा, काही करायचे नाही, म्हणाली.

‘पावसात?’ वहिनी म्हणाल्या. ‘आणि लावणी कोण करील?’