यमदीप आणि विजेची माळ

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सांजवेळी कणकेचा दिवा करून तो उंबऱ्याबाहेर ठेवावा, त्याची ज्योत दक्षिणेकडे करावी आणि घरातल्या कुणालाही अपमृत्यू येऊ नये अशी यमधर्माला प्रार्थना करावी, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आणि एरवी दिवा लावताना जी दिशा आपण कटाक्षाने टाळतो, तीच वर्षातून एकदा मुद्दाम उजळावी, यातला गंभीर अर्थ मला दिवाळीच्या साऱ्या रोषणाईहून मोलाचा वाटतो. हेम राजाच्या पुत्राचे प्राण विवाहानंतर चौथ्याच दिवशी हरण करावे लागले तेव्हा यमदूतांचेच अंतःकरण द्रवले, आणि त्यांनी आपल्या स्वामीकडे अकाली मृत्यूवर उपाय विचारला, असे कथा सांगते. उपाय मिळाला तो दिव्याचा.

त्याच दाराच्या चौकटीवरून आपण विजेची माळ सोडतो, आणि तिची वायर दाराच्या फटीत चेपलेली असली, जोडावर नुसती कागदी चिकटपट्टी असली, तरी बिनदिक्कत कळ दाबतो. तेव्हा उंबऱ्यावरच्या प्रार्थनेचा अर्थ काय उरतो? देवावर भार टाकला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मानणारी श्रद्धाळू मंडळी थोडी नाहीत; परंतु भार टाकायचा तो आपल्या हातून होण्याजोगे सारे झाल्यावर, त्याआधी टाकला तर ती शरणागती नव्हे, हयगय होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका दिवाळीत पाऊस पडून गेला होता. गॅलरीच्या लोखंडी कठड्याला माळ मीच गुंडाळली होती, आणि दोनच दिवसांपूर्वी यमदीपही मीच लावला होता. ओले कपडे वाळत घालताना आईचा हात कठड्याला लागला, बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, आणि सुदैवाने तेवढ्यावरच निभावले. मुख्य स्विच बंद करून माळ उतरवली तेव्हा वायरीच्या हिरव्या वेष्टनावर तिळाएवढा तांबूस ठिपका दिसला. तारेने आवळताना साल तिथेच सोलले गेले होते.

फ्यूज होता, पण फ्यूज राखतो तो वायरीला. माणसाचा प्राण घ्यायला पुरेल एवढ्या प्रवाहाने तो वितळतही नाही. माणसाला राखायचे तर अर्थिंग चोख हवे आणि अवघ्या 30 मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे आरसीसीबी हवे. विझलेली माळही निर्जीव समजू नये: जुन्या पद्धतीच्या माळेतला एक बल्ब काढला की सारे दिवे जातात खरे, पण त्या रिकाम्या होल्डरात पुरते 230 व्होल्ट बोटाची वाट पाहत असतात.

माझी आजी पणती पडद्यापासून हातभर दूर ठेवी, वात सारीत राही, काजळी झाडी, आणि शेवटची ज्योत मालवल्याखेरीज अंथरुणाला पाठ टेकीत नसे. तेलाचा दिवा माणसाला स्वतःपाशी बसवून घेतो. विजेच्या दिव्याने त्या बसण्यातून आपल्याला मोकळे केले, आणि त्या सुटकेबरोबर उपासनेचा गाभाच हातातून निसटला, कारण दीपाची पूजा म्हणजे त्याच्याकडे दिलेले अखंड लक्ष, असे मी मानतो. आषाढातल्या अमावास्येला घरातल्या समया, निरांजने चिंचेने घासून, पाटावर मांडून पुजण्याची जी पद्धत आपल्या पूर्वजांनी घालून दिली, ती दिव्यांच्या वार्षिक तपासणीचीच तजवीज नव्हे काय?

म्हणून विनंती एवढीच, की यंदा त्या दिवशी समया घासायला घ्याल तेव्हा माळ्यावरची विजेची माळही खाली काढा, प्लगला लावण्यापूर्वी वीत वीत हाताखालून घाला, आणि तांबे उघडे पडलेले दिसले तर ती पुन्हा टांगू नका.