शेवटचे क्रियापद

साठी उलटल्यावर मी लॅटिन शिकायला बसलो, तेव्हा घरातल्या मंडळींनी यथेच्छ हसून घेतले. मला मात्र हुरूप होता. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकून घसा कोरडा केलेला. लॅटिनात द्विवचनच नाही हे कळल्यावर केवढा दिलासा! संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या असाव्यात, असे विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात सांगितले होते. त्या नात्याच्या भरवशावर मी नामांचे पाचही वर्ग चालवू लागलो.

पण चालवणे निराळे आणि विभक्ती ओळखणे निराळे. 'पुएल्ला' म्हणजे मुलगी. तिचे 'पुएल्लाइ' झाले की अर्थ 'मुलीचा' असेल, 'मुलीला' असेल, नाहीतर नुसता 'मुली' असेल. 'पुएल्लाइ रोसाम् दत्' म्हणजे तो मुलीला गुलाब देतो. 'पुएल्लाइ रोसाम् दन्त्' म्हणजे मुली गुलाब देतात. पहिले दोन शब्द तेच. शेवटच्या क्रियापदातल्या एका 'न'ने घेणारीच्या जागी देणाऱ्या आल्या! मी चुके तो इथेच. प्रत्यय दिसला की विभक्ती ठरवून मोकळा होई.

एकदा अशीच चूक खोडताना धाकटा भाऊ आठवला. आई चार वर्षे अंथरुणाला खिळून होती. मी मुंबईहून दरमहा पैसे पाठवी. गावी राहून तो ते घेई. मनातल्या मनात मी प्रथमा, तो चतुर्थी! पुढे तो तापाने पडला म्हणून आठवडाभर मी आईजवळ राहिलो. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. तिसऱ्या रात्रीच मी रडकुंडीला आलो. चार वर्षांत तो मात्र एकदाही "दादा, थकलो रे" म्हणाला नव्हता. मग देणारा कोण?

माणसांविषयी मत बनवूच नये, असे मी म्हणत नाही. विभक्ती न लावता वाक्य लागत नाही, तसा मताशिवाय संसार चालत नाही. पण आयुष्याचे क्रियापद फार उशिरा येते. तोवर निदान आपली विभक्ती पेन्सिलीने लिहावी. खोडायला सोपी जाते.

भाऊ या दिवाळीला यायचा आहे. हे त्याला मी अजून बोललेलो नाही. संबोधनापासून सुरुवात करीन म्हणतो.